नाल आणि तिवई

"सत्ताप्पा, हात दाखव."

अण्णा मगदूम काचेच्या खोलीच्या दारात उभे होते. मी दोन्ही हात पुढे केले, आधी तळवे, मग पालथे. आधी रॉकेलनं, मग दोनदा साबणानं धुतलेले. नखांतसुद्धा ब्रश फिरवलेला.

"लग्नाला निघाल्यागत दिसतोयस," अण्णा म्हणाले. "जा, बेअरिंगची जोडी घेऊन ये. नीट बघून घे बाबा. परवा सकाळी दहाला साताऱ्याहून बर्वेसाहेब येणार. त्यांच्या डोळ्यांदेखत स्पिंडल फिरला पाहिजे."

"फिरंल की."

"फिरंल सगळंच. थंड फिरला पाहिजे."

ही चौऱ्याऐंशी सालातली गोष्ट. शिरोलीत अण्णांचं वर्कशॉप होतं आणि मी तिथला मोठा मिस्त्री होतो. बावीस वर्षं झाली होती मला तिथं. तोवर आम्ही लेथचे, ड्रिलचे जाडजूड स्पिंडल, म्हणजे मशीनचे फिरते दांडे, दुरुस्त करायचो. हा स्पिंडल वेगळा होता. ग्राइंडिंग मशीनचा, कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत भरेल एवढाच, पण मिनिटाला अठरा हजार फेरे घेणारा. त्याच्या पुढच्या तोंडाला बेअरिंगची एक जोडी बसते. ती बरोबर निवडली तर अठरा हजारांवरसुद्धा तो अंगाइतका कोमट राहतो. चुकली तर दोन तासांत पोळतो आणि चार दिवसांत मरतो. बर्वेसाहेबांच्या कारखान्यात असे तीस स्पिंडल होते. हा एक पसंत पडला तर तीसच्या तीस आमच्याकडे येणार होते. अण्णांनी त्यासाठीच धूळ येऊ नये म्हणून काचेची खोली बांधली होती आणि तिची किल्ली माझ्या करदोट्याला बांधली होती.

हे सगळं ठीक होतं. फक्त मला वाचता येत नव्हतं.

आकडे यायचे. मायक्रोमीटरवरचे, डायलवरचे, बेअरिंगवर कोरलेले इंग्रजी आकडे मी झोपेतसुद्धा वाचले असते. अक्षरं मात्र एकही नाही, ना मराठी ना इंग्रजी. हे वर्कशॉपात कुणालाच माहीत नव्हतं. कुणी कागद पुढं केला की मी म्हणायचो, "हात ग्रीसचे हायत, तूच वाच." माणूस वाचून दाखवायचा. फिटरचे हात ग्रीसचेच असतात, कोण काय म्हणणार?

पण स्पिंडलच्या बेअरिंगला ग्रीसचे हात चालत नाहीत. त्या दिवशी माझे हात स्वच्छ होते.

स्टोअरची खिडकी जाळीची होती आणि तिच्या शेजारीच बंडा पोवारचा शेपर, लोखंड तासायचं मशीन. तो चालू असला की घर्र-ठक, घर्र-ठक, दोन माणसांना एकमेकांच्या कानाशी जाऊन बोलावं लागे. खिडकीत शालन चौगुले बसायची. कागलची मुलगी, बी.एस्सी. झालेली, चार महिन्यांपूर्वीच स्टोअरला लागलेली. तिनं आल्याआल्या सगळ्या रॅकना नंबर घातले होते आणि चिठ्ठीवर सही घेतल्याशिवाय ती साधा बोल्टही सोडत नव्हती. तिला सगळे मॅडम म्हणायचे, निम्मे चेष्टेनं.

"मिस्त्री, कुठली देऊ?"

"मीच घेतो. दार उघड."

"आत यायचं नाही असं अण्णांनीच..."

"बेअरिंग मी माझ्या हातानं निवडतो. अण्णांना इचार जा."

तिनं दार उघडलं. मुंबईहून आलेल्या पार्सलातल्या दोन पेट्या रॅकवर शेजारी-शेजारी होत्या. दोन्ही एकाच मापाच्या. एक आमच्या स्पिंडलची, दुसरी बोअरिंग मशीनच्या हेडसाठी मागवलेली. मी जवळची उचलली. सात, दोन, शून्य, पाच. माप बरोबर.

आता अक्षरं. अक्षरांची मी माझी सोय करून ठेवली होती. आमचं घराणं लोहाराचं. 'सी' नावाचं जे अक्षर वेगवान बेअरिंगवर असतं, ते मला घोड्याच्या नालेसारखं दिसायचं. मापाच्या आकड्यापाठी नाल असली की ते बेअरिंग वेगाचं, एवढं मी कधीतरी अण्णांच्या बोलण्यातून उचललं होतं. दर्जाचं अक्षर मला पळीसारखं दिसायचं. पळीपुढं चारचा आकडा म्हणजे उत्तम माल. या पेटीवर पळी होती, चार होता, नालही होती. नालेच्या अलीकडे एक तिवई होती, समोरून दिसते तशी, दोन पाय वर जुळलेले, मध्ये आडवी पट्टी. तिवई मला काही सांगत नव्हती. कंपनीची खूण असेल म्हणून मी ती सोडून दिली.

पेटी उघडून एक बेअरिंग दोन बोटांवर धरलं, आतली रिंग फिरवली, कानाशी नेलं. गोळ्यांचा आवाज असा, की रेशमावरून हात फिरवावा. मी खूश झालो.

शालननं मान वाकडी करून पेटीवर बघितलं. तेवढ्यात शेपरनं पुढची चाल घेतली, घर्र. त्या गोंगाटातून तिचा आवाज आला.

"ए, सी आहे मिस्त्री!"

मी थिजलो. बावीस वर्षांत त्या छपराखाली मला कुणी 'ए' म्हटलं नव्हतं. अण्णासुद्धा नावानं हाक मारायचे.

"दिसतंय मला," मी म्हणालो. "सी हाय ते."

"अहो मिस्त्री, ए..."

"पुन्ना?"

"काय पुन्हा? मी म्हणते, ए..."

"तोंड सांभाळ. चिठ्ठी आण इकडं."

तिचा चेहरा लाल झाला. तिनं चिठ्ठी लिहून पुढं सरकवली. मी खाली माझी सही काढली. ती सही म्हणजे माझ्या चुलतभावानं शिकवलेलं एक चित्र होतं. कुठली रेघ कुठल्या अक्षराची, मला ठाऊक नव्हतं. पेटी छातीशी धरून मी निघालो.

वाटेत बंडानं शेपर थांबवला. "काय मिस्त्री, तोंड का आंबल्यागत?"

"ती चौगुल्याची पोरगी. मला ए म्हणती."

"ए? तुम्हांस्नी?" बंडाला आनंद झाला. "मॅडमनं ए म्हटलं? अरारारा! उद्या अण्णांस्नी अरे म्हणंल बघा."

डबे उघडायच्या आत ते सगळ्या वर्कशॉपात झालं होतं. हात धुवायला गेलो तर वेल्डिंगचा गणपा म्हणाला, "ए मिस्त्री, साबण द्या जरा," आणि पळाला.

बेअरिंग बसवताना माझं लक्ष कधी उडत नाही. त्या दिवशी उडत होतं. जोडीतल्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर बाणासारखी खूण असते, दोन्ही मिळून एक पुरा बाण होतो. त्याला अक्षर लागत नाही. तो जुळवला. शाफ्टवरची उंच बाजू डायल लावून शोधली, बेअरिंगवरची खूण तिच्या समोर घेतली. मोजून ग्रीस भरलं. नट आवळला. आणि सारखं मनात, ए म्हणाली. माझी थोरली मुलगी तिच्याएवढी होती.

बाराला स्पिंडल चालू केला. आधी हळू, तासाभरानं निम्म्या वेगावर, मग पुऱ्या. तापमान बघायला अण्णांकडे थर्मामीटर होता, पण माझा भरवसा हातावर. स्पिंडलच्या बाहेरच्या लोखंडी वेष्टनावर तळवा ठेवायचा आणि मोजायचं. वीस मोजून होईपर्यंत हात ठेवता आला पाहिजे.

एकला तीस मोजले. दोनला पंचवीस.

अडीचला सतरा.

मी खोलीभर फिरलो. पट्टा जास्त ताणलाय का? ढिला केला. नट? तो तर मोजून आवळलेला. ग्रीस जास्त झालं असेल, पहिल्या फेऱ्यांत होतं तसं, मग बसतं. खुर्चीवर बसलो, उठलो. काचेतून पलीकडे बंडा मला बघून बोटानं 'ए' अशी हाक मारल्यागत करत होता. मी पाठ फिरवली. हात ठेवला. चौदा.

तीनला मी स्पिंडल थांबवला, निवू दिला, बाण पुन्हा तपासला. बाण बरोबर होता. पुन्हा चालू केला. हाताखाली ते वेष्टन मला एखाद्या तापल्या पोरासारखं वाटायला लागलं, कुठं दुखतंय ते सांगता न येणाऱ्या. पावणेचारला मी हात ठेवला आणि सहा मोजून होताच काढून घेतला.

अण्णा कधी आत आले कळलं नाही. त्यांनी थर्मामीटर टेकवला.

"अडुसष्ट डिग्री. बंद कर."

मी बंद केला. पुरा थांबेपर्यंत तो बारीक शिट्टी घालत राहिला.

"काय केलंस?"

"सगळं बरोबर हाय अण्णा. बाण बघा, नट बघा."

"मग बेअरिंग चुकलंय." त्यांनी भिंतीवरचं ड्रॉइंग काढलं, बाकावरची रिकामी पेटी उचलली. पेटीवर त्यांची नजर गेली आणि त्यांचा जबडा घट्ट झाला. "शालनला बोलव. चिठ्ठ्यांचं पुस्तक घेऊन ये म्हणावं."

शालन आली. दारात चपला काढून उभी राहिली. बाहेर बंडानं शेपर थांबवला, ऐकू यावं म्हणून.

"ड्रॉइंगवर काय लिहिलंय?" अण्णांनी विचारलं.

"सात हजार दोनशे पाच, सी."

"आणि तुझ्या चिठ्ठीवर? मोठ्यांदा वाच."

तिनं पुस्तक उघडलं. "सात हजार दोनशे पाच," ती म्हणाली. "ए. सी."

ए.

अगदी सकाळसारखंच म्हणाली. तोच आवाज, तोच किंचित लांबवलेला ए. पण या वेळी ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर कागदावर होती आणि बोट त्या अक्षरावर. मला एवढ्या लांबून दिसलं. तिवईवर.

"दोन्हींतला फरक माहीत आहे तुला?"

"सी म्हणजे आतल्या गोळ्यांचा कोन पंधरा अंश, वेगासाठी. एसी पंचवीस. ते हळू आणि जड कामाचं. ते बोअरिंगच्या हेडचं होतं."

"माहीत आहे, आणि दिलंस?"

"मी दिलं नाही. मिस्त्रींनी स्वतः रॅकवरून घेतलं. मी सांगितलं त्यांना."

"काय सांगितलंस?"

"हेच. ए सी आहे म्हणून. दोनदा सांगितलं."

अण्णा हसले, ते रागाचं हसू होतं. "बावीस वर्षं बेअरिंग लावतोय हा माणूस. पेटीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलेलं, तू दोनदा सांगितलेलं, आणि तरी तो चुकीचं उचलेल? सत्ताप्पा? पेट्या तू उलटसुलट लावल्यास आणि आता चिठ्ठीआड लपतेस."

"नाही अण्णा." ती माझ्याकडे वळली. "मिस्त्री, सांगा ना. मी म्हणाले होते ना?"

मी हातांकडे बघितलं. ते अजून स्वच्छ होते.

ती किती वेळ थांबली ठाऊक नाही. मला तेवढ्यात वीस मोजता आले असते. काचेपलीकडे बंडा, गणपा, सगळे उभे. मी तोंड उघडलं असतं तर ते सगळे ऐकणार होते. मनात एकच फिरत होतं, की तिनं मला अहो म्हटलं होतं. अहो मिस्त्री, ए. अहो आणि ए एका दमात कोण म्हणतं? हे मला सकाळी कळायला हवं होतं.

"उद्यापासून येऊ नको," अण्णा तिला म्हणाले. "बर्वेसाहेबांना मी काय तोंड दाखवू?"

तिनं वाद घातला नाही. कमरेला खोचलेला स्टोअरच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि बाकावर, त्या पेटीशेजारी ठेवला. वाजू नये म्हणून हळूच ठेवला. आणि चपलांकडे वळली.

"अण्णा," मी म्हणालो, "मला तिवई वाचता येत न्हाई."

"कसली तिवई?"

मी खडू घेतला. बाकाच्या लोखंडी फळीवर नाल काढली. तिच्या अलीकडे तिवई काढली. "ही मला ठाऊक हाय, ही सी. ही न्हाई ठाऊक. आकडे येत्यात. अक्षरं एक न्हाई. ती ए म्हणाली, मला वाटलं, मलाच ए म्हणती."

बाहेर कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि थांबलं.

अण्णांनी पेटी त्या खडूच्या तिवईशेजारी धरली. "सही?"

"चित्र हाय ते."

"आणि ड्रॉइंग? बावीस वर्षं ड्रॉइंगवर काम करतोयस तू माझ्या!"

"ते बी चित्रच की अण्णा. चित्र आणि आकडे."

"कडेला लिहिलेलं असतं ते?"

"हात ग्रीसचे असायचे. कोणतरी वाचून दाखवायचं."

अण्णा मटकन खुर्चीवर बसले. मला वाटलं ओरडतील. ते हळू आवाजात म्हणाले, आणि ते जास्त लागलं, "तपासलं म्हणून सह्या घेत होतो रे मी तुझ्या." मग हात पुढं केला. "किल्ली दे."

करदोट्याची गाठ सुटेना. स्वच्छ हातांना घाम फुटला होता. शेवटी अण्णांनीच कात्री दिली.

शालन अजून दारात उभी होती. "मी येऊ उद्या?" तिनं विचारलं.

"ये," अण्णा म्हणाले. "मी बोललो ते... ये."

ती बाकापाशी आली, जुडगा उचलला, आणि मग माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं होतं, कीव करेल. तिचे डोळे भरले होते, पण रागानं.

"सगळ्या शॉपभर सांगितलंत तुम्ही. डबा खाताना मला ऐकवत होते, मॅडम मोठ्या माणसांना ए म्हणतात. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी ए म्हणेन? घरात काय शिकवलं नसेल मला?"

"चुकलं बाई माझं."

"मला एकट्यात सांगून काय उपयोग?"

मी काचेचं दार उघडलं आणि बाहेर गेलो. सगळे होते तिथंच. "तिनं मला ए म्हटलं न्हवतं," मी म्हणालो. "ते अक्षर हाय. मला वाचता येत न्हाई म्हणून मला कळलं न्हाई." एवढं बोलायला मला जेवढा दम लागला, तेवढा घण मारतानाही कधी लागला नव्हता. बंडा जमिनीकडे बघत होता. गणपानं उगीच गॉगल डोळ्यांवर ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचेची खोली अण्णांनी उघडली. शालनलाही हात धुवायला लावले. "ती वाचेल, तू लावशील," ते म्हणाले आणि निघून गेले.

तापलेली जोडी काढली. शालननं दुसरी पेटी आणली, माझ्यासमोर धरली आणि गप्प राहिली. सात, दोन, शून्य, पाच. नाल. अलीकडे काही नव्हतं.

"तिवई न्हाई," मी म्हणालो.

"नाही," ती म्हणाली. त्या दिवशी एवढंच बोलली ती माझ्याशी.

अकराला स्पिंडल सुरू झाला. दोनला पुऱ्या वेगावर गेला. मी दर अर्ध्या तासानं हात ठेवत होतो आणि मोजत होतो. चारला चाळीसपर्यंत मोजलं, मग मोजायचं सोडून नुसताच हात ठेवून बसलो. अंगाइतका कोमट. अण्णांनी थर्मामीटर टेकवला, आकडा बघितला, खिशात घातला.

बर्वेसाहेब ठरल्याप्रमाणे गुरुवारी आले, तासभर बसले, डायल लावून बघितला, आणि जाताना बाकीचे एकोणतीस पाठवतो म्हणाले. ते सगळे आम्हीच केले. काचेच्या खोलीची किल्ली मात्र मला परत मिळायला तीन वर्षं लागली. त्याबद्दल माझी अण्णांवर तक्रार नव्हती आणि आजही नाही.

ते साहेब गेल्यावर आठवडाभरानंतरची गोष्ट. दुपारची वेळ, सगळी मशिनं चालू. मी शेपरच्या पलीकडे वाकून एक पट्टा चढवत होतो. स्टोअरच्या खिडकीतून आवाज आला, गोंगाटाच्या वर, खणखणीत.

"ए!"

बंडानं शेपर थांबवला. गणपाची ठिणगी विझली. सगळे आधी खिडकीकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले.

शालननं जाळीला आतून एक पुठ्ठा लावून धरला होता. त्यावर काळ्या रंगात हातभर मोठं एकच अक्षर. ती हसत नव्हती. वाट बघत होती.

"तिवई," मी म्हणालो.

"नाव सांगा मिस्त्री. चित्र नको."

मी हात फडक्याला पुसले.

"ए," मी म्हणालो.

"बरोबर," ती म्हणाली, पुठ्ठा उलटा केला, आणि पाठीमागं दुसरं अक्षर होतं.